पक्षबांधणी करणारे बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मरण करताना महाडच्या चवदार तळ्यावरचा सत्याग्रह, भारतीय राज्यघटनेची निर्मिती आणि नागपूरची दीक्षाभूमी हे तीन प्रसंग प्रथम डोळ्यांसमोर उभे राहतात. ते स्वाभाविकच आहे. मात्र या तेजस्वी प्रसंगांच्या मधल्या वर्षांत त्यांनी एक कष्टाचे काम अखंड चालविले होते, आणि त्याची नोंद आपल्या व्याख्यानांतून क्वचितच घेतली जाते. हे काम होते राजकीय पक्ष उभारण्याचे. हाती पैसा नाही, अनुयायी बहुतांशी निरक्षर, वृत्तपत्रे प्रतिकूल आणि समोर देशातील सर्वांत बलाढ्य पक्ष, अशा परिस्थितीत विरोधी पक्ष कसा बांधावा आणि त्याला निवडणुकीसाठी कसे सज्ज करावे, याचे उत्तर ते 1936 पासून 1956 पर्यंत वीस वर्षे शोधत राहिले. त्यात एक मोठा विजय होता आणि अनेक पराभव होते. बाबासाहेबांचे हे अल्पपरिचित चरित्र येथे थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पायाभरणी

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात व पुढील शिक्षण मुंबईत झाले. 1913 साली ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि त्यानंतर लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्र व कायदा यांचा अभ्यास केला. परंतु राजकारणाशी त्यांचा पहिला प्रत्यक्ष संबंध आला तो मताधिकाराच्या प्रश्नातूनच. 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्य वर्गाला मतदानाचा आणि प्रतिनिधित्वाचा हक्क का हवा, याची सविस्तर मांडणी केली. ज्याच्या हाती मत नाही त्याच्या दुःखाची दखल कायदेमंडळ घेत नाही, ही जाणीव त्यांना सार्वजनिक जीवनाच्या आरंभीच झाली होती.

1920 साली त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. 1924 साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. 1927 साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले, समता सैनिक दल उभे राहिले. 1930 साली ‘जनता’ सुरू झाले. या घटना आपण निरनिराळ्या म्हणून वाचतो. पक्षबांधणीच्या दृष्टीने पाहिले की त्यांतील सूत्र दिसू लागते. वृत्तपत्रामुळे गावोगावच्या माणसांपर्यंत एकच विचार पोहोचू लागला. वसतिगृहांतून लिहितावाचता येणारे तरुण बाहेर पडू लागले. सैनिक दलामुळे शिस्तीने सभा पार पाडणारे स्वयंसेवक मिळाले. राजकीय पक्ष जन्माला येण्यापूर्वीच त्याचे डोळे, हात आणि पाय अशा रीतीने घडत होते.

1927 पासून बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते, परंतु ते सरकारनियुक्त सदस्य होते. नियुक्त प्रतिनिधी सरकारच्या मर्जीने येतो. निवडून आलेला प्रतिनिधी लोकांच्या बळावर येतो. हा भेद ते ओळखून होते. गोलमेज परिषदांत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी लावून धरली ती त्यासाठीच. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांच्या जागी प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा आल्या. त्या जागांसाठी मतदान मात्र संयुक्त होते. म्हणजे राखीव जागेवर उमेदवार अस्पृश्य समाजाचा असला, तरी त्याचे भवितव्य प्रामुख्याने इतर समाजांच्या मतांवर अवलंबून राहणार होते. पुढील पंचवीस वर्षांतील बाबासाहेबांच्या निवडणूकविषयक विचाराचे मूळ या एका अडचणीत आहे.

स्वतंत्र मजूर पक्ष

1935 च्या कायद्यानुसार प्रांतिक निवडणुका होणार हे निश्चित झाल्यावर बाबासाहेबांनी 15 ऑगस्ट 1936 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. पक्षाच्या नावात जातीचा उल्लेख नव्हता. शेतमजूर, कूळ, गिरणी कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्ग यांना एका झेंड्याखाली आणावे, हा त्यामागचा विचार होता. खोती व तालुकदारी पद्धती नष्ट करणे, शेतकऱ्याला सावकारी पाशातून सोडविणे, कामगारांच्या हक्कांना कायद्याचे संरक्षण देणे, शिक्षणाचा प्रसार करणे अशा मागण्यांचा सविस्तर कार्यक्रम पक्षाने प्रसिद्ध केला.

कार्यक्रमानंतर आली उमेदवारांची निवड. मुंबई विधानसभेच्या 175 जागांपैकी 15 जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. सर्वत्र उमेदवार उभे करून शक्ती विखुरण्याचा मोह बाबासाहेबांनी टाळला आणि केवळ 17 उमेदवार उभे केले. त्यांपैकी 13 राखीव जागांवर होते, तर 4 सर्वसाधारण जागांवर. नाशिकचे भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड, आर. आर. भोळे, प्रभाकर रोहम, दौलतराव जाधव अशी चळवळीत तावूनसुलाखून निघालेली माणसे त्यांत होती. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात ज्यांनी वर्षानुवर्षे झळ सोसली, त्यांना गावोगावी वेगळी ओळख करून द्यावी लागत नव्हती. सर्वसाधारण जागांवर अनंतराव चित्रे, सुरबा टिपणीस आणि शामराव परुळेकर यांच्यासारखे स्पृश्य समाजातील सहकारी उभे होते. आपला पक्ष सर्व कष्टकऱ्यांचा आहे, हे जाहीरनाम्यातल्या शब्दांइतकेच उमेदवारांच्या यादीतूनही सांगितले गेले.

त्या वेळी मताधिकार सर्वांना नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यालाच मत देता येई. त्यामुळे पात्र असलेल्या प्रत्येक माणसाचे नाव मतदारयादीत असणे आणि त्याने मतदानाच्या दिवशी केंद्रापर्यंत पोहोचणे याला विलक्षण महत्त्व होते. त्याहून नाजूक प्रश्न मत कसे द्यावे हा होता. मुंबई इलाख्यात राखीव जागा असलेल्या मतदारसंघांतून एकाहून अधिक सदस्य निवडले जात. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत आणि ती सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा असे. संख्येने थोड्या असलेल्या समाजासाठी हा नियम म्हणजे मोठेच शस्त्र होते. पाच जणांना एक एक मत वाटत बसण्यापेक्षा आपली सर्व मते आपल्या माणसाच्या पारड्यात टाकली, तर अल्पसंख्य मतदारही आपला प्रतिनिधी निवडून आणू शकत होता. मात्र हे गणित प्रत्येक मतदाराला नीट समजले पाहिजे होते. पक्षाच्या प्रचाराला मतदारशिक्षणाचे रूप येणे त्यामुळे अपरिहार्य होते.

स्वतः बाबासाहेब मुंबईतून उभे होते. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध पाळवणकर बाळू यांना उभे केले. बाळू हे आपल्या फिरकी गोलंदाजीने देशभर नावाजलेले खेळाडू होते आणि तेही अस्पृश्य समाजातलेच होते. काँग्रेसची निवड चतुर होती आणि लढत अटीतटीची झाली. 17 फेब्रुवारी 1937 रोजी मतदान झाले. बाबासाहेबांना 13,245 तर बाळू यांना 11,225 मते मिळाली. पक्षाच्या 17 पैकी 14 उमेदवार विजयी झाले. स्थापनेनंतर अवघ्या सहा महिन्यांत मिळालेले हे यश त्या काळच्या राजकारणात कोणालाही दुर्लक्षिता येण्यासारखे नव्हते.

विरोधी बाकावरील कार्य

काँग्रेसचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले आणि बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह विरोधी बाकांवर बसले. निवडणुकीच्या वेळी जो कार्यक्रम लोकांपुढे ठेवला, तो निवडणूक संपताच विसरायचा नसतो, याचा आदर्श त्यांनी घालून दिला. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी खोती पद्धत रद्द करणारे विधेयक विधानसभेत मांडले. बहुमत नसल्याने ते मंजूर होणे दुरापास्त होते. परंतु 10 जानेवारी 1938 रोजी कोकणासह अनेक भागांतील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला आणि सभागृहातील मागणीमागे सभागृहाबाहेरचे बळ उभे असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी औद्योगिक कलहविषयक विधेयकाने कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा येत असल्याचे पाहून 7 नोव्हेंबर रोजी संप पुकारण्यात आला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले.

सभागृहात अभ्यासपूर्ण विरोध आणि सभागृहाबाहेर संघटित जनशक्ती, ही विरोधी पक्षाची दोन पावले आहेत. एकच पाऊल टाकून कोणालाही चालता येत नाही. चौदा आमदारांच्या या लहानशा पक्षाने दोन्ही पावले टाकून दाखविली.

फेडरेशन आणि 1946 चा धडा

1942 च्या मार्च महिन्यात क्रिप्स योजना आली. राजकीय वाटाघाटींत ब्रिटिश सरकार धार्मिक व सामाजिक समूहांचे प्रतिनिधी विचारात घेत होते. मजुरांच्या पक्षाला अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून तेथे स्थान मिळेना. तेव्हा बाबासाहेबांना आपली वाट बदलावी लागली. जुलै 1942 मध्ये नागपूर येथे राव बहादूर एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेत ऑल इंडिया शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. पक्षाला अखिल भारतीय रूप लाभले, परंतु त्याचा सामाजिक परीघ आकुंचित झाला. व्यापक कष्टकरी ऐक्य साधावे की आधी आपल्या समाजाचा आवाज शाबूत राखावा, हा पेच बाबासाहेबांना आयुष्यभर पडत राहिला.

त्याच सुमारास ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. 1946 पर्यंत या पदावरून त्यांनी कामगारहिताचे मोठे कार्य केले. परंतु दिल्लीतील जबाबदारीमुळे पक्षाच्या शाखा बांधण्यास हवा तितका वेळ देणे त्यांना अशक्य होते. 1946 च्या प्रांतिक निवडणुकीत याचे फळ दिसले. पुणे करारानुसार राखीव जागेसाठी चारांहून अधिक उमेदवार असल्यास प्रथम केवळ अनुसूचित जातींच्या मतदारांची प्राथमिक निवडणूक होई आणि त्यातून निवडलेले चौघे अंतिम फेरीत सर्व मतदारांपुढे जात. फेडरेशनला प्राथमिक फेरीत अनेक ठिकाणी समाजाचा चांगला पाठिंबा मिळाला. अंतिम फेरीत मात्र संयुक्त मतदानात तो पाठिंबा बुडून गेला. देशभरातील 151 राखीव जागांपैकी फेडरेशनच्या वाट्याला अवघ्या 2 आल्या. त्यांपैकी एक बंगालमधील जोगेंद्रनाथ मंडल यांची होती.

त्या एका जागेचे मोल किती होते, हे लवकरच कळले. मुंबईतून संविधान सभेवर जाण्याचा मार्ग बंद झाला असताना मंडल व त्यांच्या बंगालमधील सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले. फाळणीनंतर ते सदस्यत्व संपुष्टात आले आणि मग मुंबईतून त्यांची पुन्हा निवड झाली. दूरच्या प्रांतात रुजलेल्या शाखेने पक्षाच्या नेत्याला संविधान सभेचे दार उघडून दिले, ही गोष्ट संघटनेचे महत्त्व पटवून देण्यास पुरेशी आहे.

पहिली सार्वत्रिक निवडणूक

हिंदू कोड बिलाचा प्रश्न आणि अन्य मतभेद यांमुळे बाबासाहेबांनी सप्टेंबर 1951 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. प्रकृती साथ देत नव्हती. तरीही ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात फेडरेशनचा जाहीरनामा तयार झाला. तो आजही वाचण्यासारखा आहे. शेती, लोकसंख्या, भाषावार राज्यरचना, परराष्ट्र धोरण अशा देशाच्या सर्व प्रश्नांवर त्यात पक्षाची भूमिका आहे. कोणत्या पक्षांशी सहकार्य करावे आणि कोणाशी करू नये, याचेही नियम त्यात आधीच घालून दिले आहेत. युती ही निवडणुकीच्या रात्री करावयाची तडजोड नसून तत्त्वाने ठरवावयाची गोष्ट आहे, हे त्यातून स्पष्ट होते. दलित समाजाचा पक्ष संपूर्ण राष्ट्राविषयी बोलतो आहे, हीच त्या काळी एक मोठी घटना होती.

जाहीरनाम्यानंतर ते महिनाअखेरीस पंजाबच्या दौऱ्यावर निघाले. जालंधर, लुधियाना, पतियाळा येथे त्यांच्या सभा झाल्या. मुंबईत समाजवादी पक्षाशी युती झाली. या युतीमागे निश्चित हिशेब होता. आता मताधिकार प्रत्येक प्रौढ नागरिकाला मिळाला होता, परंतु मतदानाचा नियमही बदलला होता. राखीव जागा असलेला मतदारसंघ द्विसदस्य होता. मतदाराला दोन मते होती, पण ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची निवडणूक चिन्ह लावलेली वेगळी मतपेटी असे आणि दोन मतपत्रिका दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. 1937 साली उपयोगी पडलेले शस्त्र अशा रीतीने बोथट झाले होते. फेडरेशनच्या मतदाराने आपले एक मत हत्तीच्या पेटीत व दुसरे समाजवाद्यांच्या वडाच्या झाडाच्या पेटीत टाकावे आणि समाजवादी मतदारानेही तसेच करावे, यावाचून दुसरा मार्ग नव्हता. उत्तर मुंबईत सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता आणि राखीव जागेसाठी बाबासाहेब अशी जोडी उभी राहिली.

जानेवारी 1952 मध्ये मतदान झाले. बाबासाहेबांना 1,23,576 मते पडली आणि काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर सुमारे 14 हजार मतांनी विजयी झाले. अशोक मेहताही पराभूत झाले. दुसरे मत बाबासाहेबांना न देता वाया घालविण्याचा प्रचार झाल्याची तक्रार करून दोघांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. तो फेटाळला गेला. देशभरात फेडरेशनचे 35 उमेदवार लोकसभेसाठी उभे होते, त्यांपैकी सोलापूरहून पां. ना. राजभोज आणि करीमनगरहून एम. आर. कृष्णा असे दोघेच निवडून आले. ज्यांनी प्रत्येक भारतीयाला समान मत मिळवून देणारी घटना घडविली, त्यांनाच त्या मतदानाने लोकसभेबाहेर ठेवले.

बाबासाहेबांनी निवडणुकीच्या मार्गावरील विश्वास सोडला नाही. ते राज्यसभेवर निवडून गेले आणि तेथून सरकारच्या धोरणांवर कठोर, परंतु अभ्यासाच्या आधारावर टीका करीत राहिले. मे 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले. मधुमेह व सांधेदुखीने शरीर खचलेले असताना त्यांनी हा प्रचार केला. समाजवाद्यांशी सहकार्य कायम होते. तेथे अशोक मेहता विजयी झाले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. युतीतील एक साथीदार जिंकतो आणि दुसरा हरतो, याचा अर्थ काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मतपेटी जात विसरली नव्हती.

राजकारणाची शाळा

या अनुभवांतून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेशी संबंधित वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. जुलै 1956 मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. वकील होण्यासाठी कायदा शिकावा लागतो आणि वैद्य होण्यासाठी वैद्यक. मग ज्यांनी देशाचे कायदे करावयाचे, त्यांनी काहीही न शिकता सभागृहात जावे, हे त्यांना पटत नव्हते. विद्यार्थी अवघे पंधरा होते. देशभर लाखो अनुयायी असलेल्या नेत्याने आयुष्याच्या अखेरच्या वर्षात पंधरा मुलांच्या वर्गासाठी योजना आखावी, यातच त्यांची दृष्टी दिसते. त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, मार्च 1957 मध्ये, हे विद्यालय बंद पडले.

त्याच सुमारास त्यांनी फेडरेशन विसर्जित करून सर्व शोषित व लोकशाहीवादी घटकांसाठी खुला असा रिपब्लिकन पक्ष स्थापन करण्याचा निर्णय घेतला. डॉ. राममनोहर लोहिया यांच्याशी त्या दृष्टीने पत्रव्यवहारही झाला. 1936 सालचे व्यापक ऐक्याचे स्वप्न ते पुन्हा हाती घेत होते.

येथे एका गोष्टीचा आवर्जून उल्लेख केला पाहिजे. दुसरी सार्वत्रिक निवडणूक चार-पाच महिन्यांवर आलेली असताना, 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तत्कालीन नियमानुसार बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातींच्या सवलतींवरील व राखीव जागांवरील हक्क धोक्यात येणार होता. निवडणुकीचा हिशेब एवढ्या बारकाईने मांडणाऱ्या नेत्याला हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी दीक्षा पुढे ढकलली नाही. निवडणूक हे साधन आहे आणि माणसाची प्रतिष्ठा हे साध्य आहे. साधनासाठी साध्य थांबवू नये, असा बोध त्यांच्या या कृतीतून मिळतो.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. शोकाकुल कार्यकर्ते अवघ्या काही आठवड्यांत निवडणुकीला सामोरे गेले. मुंबई राज्यात फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सहभागी झाले आणि विरोधी पक्षांनी जागा वाटून घेऊन एकास एक लढत दिली. फेडरेशनचे 6 सदस्य लोकसभेत गेले. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड विजयी झाले. वीस वर्षांपूर्वी स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून निवडून आलेला तो कार्यकर्ता आता संसदेत पोहोचला होता. नेता गेल्यावरही संघटना उभी राहिली, यातच बाबासाहेबांच्या श्रमाचे सार्थक होते. 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपूर येथे रिपब्लिकन पक्षाची रीतसर स्थापना झाली. पुढे त्या पक्षाला फुटीने ग्रासले, आणि पक्ष बांधण्याइतकेच तो जपणेही कठीण असते, हे समाजाला कळून चुकले.

बाबासाहेबांच्या या वीस वर्षांकडे केवळ जय-पराजयाच्या दृष्टीने पाहिले तर पराजयच अधिक दिसतील. परंतु मतदारयादीत नाव नोंदविण्यापासून जाहीरनाम्याचे वाचन करण्यापर्यंत, एक एक मत विचाराने देण्यापासून सभागृहात अभ्यास करून बोलण्यापर्यंत, नागरिकत्वाचे जे शिक्षण त्यांनी एका मूक समाजाला दिले, त्याची मोजणी मतपेटीत होत नाही. सोलापूरच्या त्या पहिल्या वसतिगृहापासून मुंबईच्या पंधरा विद्यार्थ्यांच्या वर्गापर्यंत त्यांच्या राजकारणाची वाट शाळेतूनच गेली. आपल्या संस्थेतून बाहेर पडलेला विद्यार्थी वयाच्या अठराव्या वर्षी जेव्हा प्रथम मतदान केंद्राची पायरी चढतो, तेव्हा तो त्याच वाटेवरचा वाटसरू असतो. त्याने आपले मत विकू नये, वाया घालवू नये आणि न समजता देऊ नये, एवढी शिकवण जरी आपण त्याला देऊ शकलो, तरी बाबासाहेबांच्या अपुऱ्या राहिलेल्या त्या विद्यालयाचा एक वर्ग येथे चालू आहे, असे म्हणता येईल.